बिनचेनचा टँक

"फौजी, तुमचा टँक बसला," आबा फोनवर म्हणाले.

"बसला म्हंजे?"

"म्हंजे रुतला. पोटापतुर. त्याला उचलाय आणलेली क्रेनबी रुतली. हातातलं टाका अन् या."

हातात माझ्या पाना होता आणि मी एका पोकलेनखाली पाठीवर पडलो होतो. चौसाळ्याला हायवेच्या कडेला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. पोकलेन म्हणजे नाले खोदणारं, विहिरी पाडणारं ते लोखंडी चेनवर चालणारं मशीन. त्याचा हात बिघडला तर लोक दुसरीकडे जातात. चेन बिघडली तर माझ्याकडे येतात. त्याआधी मी सैन्यात टँकचा ड्रायव्हर होतो, दफादार म्हणून घरी आलो. सैन्यात तिला ट्रॅक म्हणतात, इथं चेन म्हणतात. लोखंड तेच.

आबा आमच्या भागातले पुढारी. कॉलेज त्यांचं, शेजारची शेती त्यांची, आणि कॉलेजपर्यंतचा नवाकोरा सिमेंटचा रस्ताही, त्यांच्या मते, त्यांचाच. सैन्यातून निवृत्त झालेला एक जुना टी-५५ टँक त्यांनी खटपट करून कॉलेजसाठी मिळवला होता. मैदानात चबुतरा बांधून त्यावर तो ठेवायचा, रविवारी मंत्र्यांच्या हातून अनावरण करायचं, असा बेत. मीही त्याच जातीचा टँक चालवलेला. हा अगदी माझाच टँक होता असं लिहिलं तर गोष्ट रंगेल, पण तो नव्हता. माझा कुठल्या भट्टीत गेला कोण जाणे.

खरं सांगायचं तर मी रुसलो होतो. टँक येणार हे कळल्यापासून माझं जेवणात लक्ष नव्हतं. वाटलं होतं, आबा विचारतील, दफादार, कसा उतरवायचा, कसा न्यायचा. त्यांनी विचारलं ते एवढंच, "रविवारी फेटा बांधून या. शाल देऊ तुमाला." आदल्या दिवशी ट्रेलर माझ्या दुकानावरूनच गेला. पुढं हलगी वाजत होती. टँकवर ताडपत्री होती, पण खालून ट्रॅक दिसत होता. मी दारात उभा राहून बघितलं आणि परत मशीनखाली शिरलो. बोलावल्याशिवाय जायचं नाही, असं ठरवलं होतं. आता बोलावल्यावर पाना टाकून पळत सुटलो. वेल्डिंगचं मशीन पिकअपमध्ये कायम असतंच.

मैदानात गर्दी होती. मध्ये टँक. दोन दिवस पाऊस झालेला, आणि आमची काळी जमीन पावसानंतर कशी होते ते इथल्या माणसाला सांगायला नको. टँक नाकावर कलला होता, पोट चिखलाला टेकलेलं. मागं क्रेनची चाकं अर्धी गायब. आणि टँकला ट्रॅक नव्हता. मोठाली पाच-पाच चाकं दोन्ही बाजूंनी उघडी पडलेली. कुणाची तरी पायताणं काढून त्याला चिखलात ढकलून द्यावं तसं ते दिसत होतं.

"चेन कुठं हाय?" मी विचारलं.

सत्तार पुढं आला. सत्तार लिंबागणेशचा, पोकलेनचा ऑपरेटर, मशीन घेऊन आबांच्या शेतात कामाला आलेला, माझं जुनं गिऱ्हाईक.

"काढली, फौजी," तो म्हणाला. "हायवेच्या कडंला पडून हाय. घन मारून कड्यांच्या पिना काढल्या."

"कावून?"

त्यानं आबांकडे बघितलं. आबांनी रस्त्याकडे बघितलं. मी समजलो.

ट्रेलर लांब होता, कॉलेजच्या फाट्यावर वळेना. म्हणून सैन्याच्या लोकांनी टँक तिथंच उतरवून दिला, सह्या घेतल्या आणि ते गेले. आता पुढचा रस्ता आबांचा. लोखंडी चेन सिमेंटवरून गेली तर रस्ता उकलणार, हे आबांना पोकलेनमुळं माहीत. यात ते चुकले नाहीत. ट्रॅक रस्ता खातो, म्हणून तर टँक लांबच्या वाटेला ट्रेलरवर बसून जातात. पण आबांनी वाकून बघितलं तर चेनच्या आत चाकं, आणि चाकांवर रबर. "आरं, टायर हायेत की बे याला खाली! चेन काढा, टायरवर न्या." इंजिन आधीच काढून घेतलेलं. पुढं दोन ट्रॅक्टर जुंपले आणि वरात निघाली.

"अन् फौजी, खरं सांगतो," आबा म्हणाले, "रस्त्यावर लोण्यावानी चालला. एक ओरखडा न्हाई."

"चालणारच," मी म्हणालो. "अन् फाटकातून आत आला अन् बसला."

"हां. कावून पन? तीच चाकं, त्योच टँक."

हा प्रश्न मला नवा नव्हता. रंगरूट असताना आमच्या उस्तादांना आम्ही हाच विचारलेला. टँक इंजिनासकट छत्तीस टन. चाक कितीही मोठं असलं तरी जमिनीला टेकतं ते हाताच्या पंजाएवढं. सगळं वजन त्या दहा पंज्यांवर. सिमेंट ते सोसतं, काळी जमीन सोसत नाही. ट्रॅक घातला की तेच वजन दोन लांब पट्ट्यांवर पसरतं, पहिल्या चाकापासून शेवटच्या चाकापर्यंत. मग जमिनीच्या एका बोटाएवढ्या जागेवर जो भार येतो, तो टाच रोवून उभ्या राहिलेल्या माणसापेक्षाही कमी असतो. टँक रस्ता शोधत नाही. आपला रस्ता आपणच पुढं अंथरतो, त्यावरून चालतो, मागं राहिलेला उचलतो आणि परत पुढं टाकतो.

आबा पुढारी असले तरी औत हाकलेला माणूस. त्यांनी मान हलवली.

"म्हंजे फळीवानी. रान दाबताना आमी फळीवर उभं ऱ्हायचो. फळी न्हाई रुतायची. उतरलो की पाय रुतायचा."

"तेच."

"मग आधी बोलायचं ना, दफादार."

"आधी विचारायचं ना, आबा."

ते हसले नाहीत. रविवार जवळ आला होता, आणि त्यांच्यापुढं दोन तोडगे ठेवले गेले होते. एक क्रेनवाल्याचा. वरचा घुमट गॅस कटरनं कापून वेगळा करायचा, धड वेगळं उचलायचं, चबुतऱ्यावर नेऊन परत जोडायचं, वरून रंग मारला की कळत नाही. दुसरा आबांचा स्वतःचा. जिथं बसलाय तिथंच भोवती चबुतरा बांधायचा. चाकं तशीही चिखलात गेलीत, चेनचा प्रश्नच मिटला.

"लोकायला तोफ दिसली म्हंजे झालं," आबा म्हणाले.

मी त्यावर काय बोललो ते इथं सगळं लिहिता येणार नाही. एवढं लिहितो की टँकवाल्यांमध्ये फसलेल्या टँकला टँक म्हणत नाहीत. ट्रॅक तुटला, पोट टेकलं, की ते फक्त निशाण असतं, समोरच्यानं नेम धरावा असं. लढाईत अशा गाड्या मागं सोडून यावं लागतं. कॉलेजच्या पोरांनी टँक म्हणून जन्मभर तेच बघायचं? आणि मी रोज हायवेवरून जाता-येता ते बघायचं? मला ते सोसलं नसतं. यात देशभक्ती वगैरे काही नव्हतं. मला ती गाडी तिच्या ट्रॅकवर उभी राहिलेली बघायची होती, बस.

"मला उद्या सांजपतुर येळ द्या," मी म्हणालो. "न्हाई निघाला तर खुशाल कापा."

"रस्त्याला चेन लागता कामा नये."

"न्हाई लागणार."

आबांनी क्रेनवाल्याला थांबायला सांगितलं. कटर त्यानं गाडीतून खाली काढून ठेवलाच होता, तो तिथंच राहिला, माझ्या डोळ्यांपुढं.

ट्रॅक चढवायची रीत साधी आहे. उभ्या टँकला तो घालत नाहीत; टँकलाच ट्रॅकवर घालतात. ट्रॅक जमिनीवर सरळ अंथरायचा. टँक ओढून चाकं त्यावर आणायची. मग पुढचं टोक उचलायचं, पुढच्या चाकावरून वर घ्यायचं, सगळ्या चाकांच्या डोक्यावरून मागं नेऊन दातेरी चाकात अडकवायचं. तिथं दोन्ही टोकं जुळली की पिन मारायची. घट्ट जमिनीवर चार माणसं सहज करतात. शिव्या तेवढ्या लागतात.

इथं जमीन घट्ट नव्हती. पण काळीच्या खाली मुरूम असतो, आणि आमच्या भागात तो फार खोल नाही. मी सत्तारला म्हणालो, "टँकच्या नाकासमोर दोन चर घे. चाकांच्या बरोबर पुढं. मुरूम लागंस्तोर खाली जा, अन् मग हळूहळू वर ये."

"चढासारखा?"

"चढासारखा. तुझ्या पोकलेनला जसा घेतोस तसा."

सत्तारचा हात मोठा गोड आहे. एवढं अवजड मशीन, पण टँकच्या नाकापासून वीतभर अंतरावर बकेट फिरवत होता आणि रंगाला धक्का नाही. मध्येच थांबून म्हणाला, "फौजी, घन मीच मारलाय पिनांवर. मला वाटलं, मालक सांगतायत."

"मारलास त्ये मारलास. आता मारशील तवा नीट मार."

हायवेच्या कडेचे दोन्ही ट्रॅक ट्रॉलीतून आले. रस्त्यावर ओरखडा पडू नये म्हणून आबांचा माणूस ट्रॉलीमागं चालत होता. बकेटनं उचलून ते चरात अंथरले. मी कड्या एकेक तपासल्या. दोन पिना घन मारताना वाकल्या होत्या, त्या दुकानात नेऊन सरळ केल्या. तशा वाकवून सरळ केलेल्या पिना मी पोकलेनला कधी घालू दिल्या नसत्या, पण याला फार लांब जायचं नव्हतं. हे मनात आलं आणि हात थोडा थांबला. खरंच फार लांब जायचं नव्हतं. चबुतऱ्यापर्यंतच.

दुसऱ्या दिवशी लिंबागणेशहून सत्तारच्या ओळखीचं आणखी एक पोकलेन आलं, रस्ता टाळून शेतातून. दोन्हींना वायर-रोप लावले. पोकलेन का, तर तीच एक वस्तू त्या मैदानात उभी राहू शकत होती. ट्रॅक्टर, आबांची गाडी, सत्तारनं आदल्या संध्याकाळी ओढून काढलेली क्रेन, सगळे फाटकाबाहेर. दोन्ही मशीननं एकदम ओढलं. आधी काहीच नाही. मग चिखलानं मोठा आवाज केला, जसा म्हैस डबक्यातून उठताना होतो, आणि टँक हलला. चाकं चराच्या तळाला ट्रॅकवर चढली. मी आरडून थांबवलं. मग तास-दोन तास नुसता घाम. पुढची टोकं वर, मागं, दातात, पिन. शेवटची पिन सत्तारनं मारली. नीट मारली.

आता टँक ट्रॅकवर उभा होता. चर चढून वर यायचं, मैदान ओलांडायचं, आणि मुरूम टाकून केलेल्या चढावरून चबुतऱ्यावर जायचं. ओढणार पोकलेन. पण ओढलेली गाडी सरळच जाते असं नाही. कुणीतरी आत बसून वळवायला हवं. टँकला स्टिअरिंग नसतं. दोन लिव्हर असतात, दोन ट्रॅकचे. उजवा ओढला की उजवा ट्रॅक धरला जातो, डावा चालत राहतो, आणि गाडी उजवीकडे वळते. इंजिन नसलं तरी ब्रेक धरत असतील तर काम होण्यासारखं होतं.

बायको भाकरी घेऊन आली होती. चिखलात तिची एक चप्पल राहिली, ती हातात घेऊन ती उभी होती. मी कपड्याला हात पुसत नुसता टँककडे बघत होतो. आत बसायचं असं कुणी मला म्हणालं नव्हतं, आणि आपणहून म्हणायची मला लाज वाटत होती. या वयात काय ते.

"आवो, बसा की आत," ती म्हणाली. "घरी बसल्यावरबी तुमी तिथंच बसलेले असता. मला काय दिसत न्हाई व्हय?"

मी तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत मी तिला हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. पोकलेनचा धंदा का धरला, असं लोक विचारत, तर मी सांगायचो, इथं कामं लई आहेत. ते खरं आहेच. पण दुरून एखादं पोकलेन चालत येतं, चेन खडीवर वाजते, आणि क्षणभर मी राजस्थानच्या वाळूत असतो. रोज त्या एका आवाजासाठी मी तेलात हात घालतो. हे तिला ठाऊक होतं.

ड्रायव्हरची जागा पुढं डावीकडे. वर एक छोटं झाकण, हॅच म्हणतात त्याला. त्यातून मी जवान असताना पाणी ओतल्यासारखा आत जायचो. आता पोट अडकलं. सत्तारनं खांदे दाबले तेव्हा गेलो. आत अंधार. इंजिन नाही, तोफगोळे नाहीत, मीटरची घड्याळं काढून नेलेली, पण वास तसाच होता. जुनं तेल, रबर, तापून गार झालेलं लोखंड. लिव्हरच्या मुठी गुळगुळीत झालेल्या, कुठल्या कुठल्या पोरांच्या हातांनी. माझे हात आपोआप बरोबर जागी गेले.

"ओढ!" मी ओरडलो.

ट्रॅक वाजला. बाहेरून तो खडखड वाजतो. आतून तसा वाजत नाही. पाठीतून वर चढतो, दातात येतो. मला रडू आलं. धुरानं आलं असं सांगता आलं असतं, पण इंजिनच नव्हतं तर धूर कुठला? बरं झालं, आत कोणी बघायला नव्हतं.

डावा ब्रेक मेला होता, उजवा धरत होता. म्हणजे गाडी उजवीकडे वळवता येत होती, डावीकडे नाही. मी सत्तारला हाका मारून डावीकडून यायला लावलं आणि उजवा लिव्हर थोडा थोडा ओढत राहिलो. ज्या चिखलात क्रेन अर्धी गेली होती, त्याच चिखलावरून आम्ही गेलो. मागं पडलेला पट्टा मी नंतर बघितला. त्यात जेमतेम घोटा बुडेल एवढी खूण. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. मला त्या आत ऐकू आल्या नाहीत. मला वाटत होतं मैदान आणखी मोठं असतं तर बरं झालं असतं. नारायणगडापर्यंत असं ओढत नेलं असतं तरी मी हूं की चूं केलं नसतं.

मैदान काही मोठं झालं नाही. चढ आला, नाक वर झालं, मुरूम दाबला गेला, नाक खाली आलं. चबुतरा.

मी बाहेर आलो तेव्हा आबा लांबून एक डोळा मिटून बघत होते.

"उजवीकडं वाकडा हाय जरा."

"डावा ब्रेक न्हाई त्याला."

"मंत्र्याला काय सांगू?"

"सांगा, दुश्मन तिकडून येतो."

आबा या वेळी हसले. क्रेनवाल्यानं कटर उचलून परत गाडीत टाकला. गाडी तिच्या ट्रॅकवर उभी होती. मला हवं होतं ते झालं होतं. बायकोनं फडकं सोडलं आणि आम्ही चबुतऱ्याच्या कडेवरच भाकरी खाल्ली, सत्तारलाही बसवलं.

हात धुतोय तोवर आबा आले.

"दफादार, एक ऱ्हायलं. झाकणं बंद करायचीत. त्ये सैन्यवाले बजावून गेलेत. कॉलेजची पोरं हायेत, आत शिरली, झाकण पडलं, तर जीव जाईल एखाद्याचा. तुमचं मशीन हायच गाडीत. मारून टाका वेल्डिंग."

ते बरोबरच होतं. चबुतऱ्यावर ठेवलेल्या सगळ्या टँकची झाकणं अशीच बंद करतात. मला माहीत होतं. त्या दोन दिवसांत ते एकदाही मनात आलं नव्हतं, एवढंच.

सत्तारनं माझ्या तोंडाकडे बघितलं. "फौजी, द्या इकडं. मी मारतो. तुमी चहा घ्या."

"नको. माझं काम हाय."

घुमटावरची दोन झाकणं आधी केली. ड्रायव्हरचं शेवटी ठेवलं. वेल्डिंगच्या आधी गंज घासावा लागतो, नाहीतर टाका धरत नाही. मी घासला. लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ घासला. मनात एक गोष्ट आली होती, ती सांगतो. वेल्डिंगमध्ये कच्चा टाका म्हणून एक प्रकार असतो. दोन-तीन ठिपके मारायचे. दिसायला बंद, पण हातोडीच्या दोन ठोक्यांत निघतं. कुणाला कळलं नसतं. कधीतरी, सुट्टीच्या दिवशी, मैदानात कोणी नसताना.

मग कॉलेजच्या फाटकाशी दप्तरं घेऊन उभी असलेली पोरं दिसली. हातोडी त्यांच्याकडेही असते.

चारी बाजूंनी पक्का मारला. एक फेरी झाल्यावर त्यावर दुसरी मारली. गार झाल्यावर ठोकून बघितलं. आवाज भरीव आला.

रविवारी शाल मिळाली. टँक अजून तिथंच आहे, उजवीकडे जरा वाकडा, ट्रॅकवर उभा. त्याची देखभाल माझ्याकडे आहे. ट्रॅकला ग्रीस मी लावतो, जरी तो आता कुठं जाणार नाही.

नव्या मेकॅनिकांसाठी धंद्यातली एक गोष्ट तेवढी लिहून ठेवतो. जे झाकण आपल्यालाच पुन्हा उघडावंसं वाटणार आहे, त्याचं वेल्डिंग आपण करू नये. कोणी "द्या, मी मारतो" म्हणालं, तर मशीन त्याच्या हातात द्यावं आणि चहा घ्यायला जावं.